काँक्रीटचा ठोकळा पाडू नका म्हटल्यावर आलेल्या कमेंटला उत्तर

सर, तुमची कमेंट नीट वाचली. तुमचं म्हणणं असं की इंग्लंडमधल्या डरहॅम युनिव्हर्सिटीचं डनेल्म हाऊस म्हणजे काळा पडलेला काँक्रीटचा ठोकळा, गळतो, दुरुस्तीत पैसा जातो, पाडला असता तर काय बिघडलं असतं, आणि बेळगावात बसून त्यावर लिहिण्यापेक्षा आपल्या किल्ल्याचं बघा.

गळतीचं आधी सांगतो. काँक्रीटमध्ये हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं मुरत जातो, सळईला असलेलं संरक्षण कमी होतं, मग पाणी लागलं की सळई गंजून फुगते आणि सळईवरचा काँक्रीटचा थर सुटून पडतो. यावर इलाज आहे की हो! खराब भाग फोडायचा, सळई घासून साफ करायची, नवा मसाला भरायचा, वॉटरप्रूफिंग करायचं. खानापूरकडं मृगाच्या आधी शाकारणी करतात, फुटकी कौलं बदलतात, घर कोण पाडतंय? ज्यांनी देखभाल केली नाही त्यांनीच नंतर बिल्डिंग खराब झाली म्हणून पाडायला काढायची, हे मला अजिबात पटत नाही. पोरांच्या जिवाला धोका असेल तर तेवढा भाग बंद ठेवा, टेकू द्या, बाहेरच्या इंजिनिअरकडून ऑडिट करून घ्या.

आणि ठोकळा कुठाय हो तो? वेअर नदीच्या उतारावर टप्प्याटप्प्यानं खाली उतरत गेलेली, १९६६ ची विद्यार्थ्यांची बिल्डिंग आहे ती, आत एकच सरळ जिना गल्लीसारखा नदीकडं उतरतो, शेजारी ओव्ह अरुप या इंजिनिअरचा १९६३ चा पूल. २०१६ मध्ये युनिव्हर्सिटी पाडायला निघाली, तिथल्या वारसा संस्थेनं शिफारस करूनही मंत्र्यांनी संरक्षण नाकारलं, तरी लोक भांडत राहिले आणि २०२१ मध्ये ती वारसा यादीत लागली.

आता किल्ला. आतली कमल बस्ती, म्हणजे जैन मंदिर, १२०४ ची, तिला पुरातत्त्व खात्याचं संरक्षण आहे, कारण १९५८ चा आपला कायदा शंभर वर्षांवरच्या वास्तूंसाठी आहे. पण १९६०-७० च्या काँक्रीटला कोण वाली? दिल्लीचं १९७२ चं हॉल ऑफ नेशन्स हे प्रदर्शनाचं सभागृह, आर्किटेक्ट राज रेवल आणि इंजिनिअर महेंद्र राज यांचं एवढं मोठं काम, साठ वर्षं झाली नाहीत म्हणून वारसा धरलं नाही आणि एप्रिल २०१७ मध्ये रातोरात पाडलं. तेवढी वर्षं बिल्डिंग उभीच राहू दिली नाही तर ती जुनी होणार कधी? म्हणून बेळगावात बसूनच लिहितोय, सर. आपल्याकडंही त्या काळातली कॉलेजं, सरकारी ऑफिसं आहेत, त्यांचे जुने नकाशे कुणाकडं असतील तर मला स्कॅन करून पाठवा.