'आमच्या वेळी असलं काही नव्हतं' या मेसेजला मुद्देसूद उत्तर

गेले काही दिवस ठाणे-नवी मुंबईतल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतो आहे. मला तो घोडबंदर रोडच्या एका पालकांकडून आला, ऐरोलीच्या एका आजींकडून आला आणि आमच्या नात्यातल्या ग्रुपवरही आला. मजकूर थोडक्यात असा: आमच्या वेळी ऑटिझम (इतरांशी संवाद साधणं आणि आवाज-स्पर्शासारख्या संवेदना झेलणं वेगळं असणं), एडीएचडी (लक्ष टिकवणं आणि स्वतःला आवरणं अवघड जाणं), एलडी (अध्ययन अक्षमता, म्हणजे वाचन-लेखन शिकण्यातली अडचण) असलं काही नव्हतं. मोबाइलमुळे आणि नोकरी करणाऱ्या आयांमुळे ही मुलं अशी झाली, लसींनी त्यात भर घातली. तीन महिने मोबाइल बंद करा, दोन धपाटे द्या, मूल सरळ होतं. शाळेतल्या सवलती म्हणजे लाड. आणि मोठ्या माणसांना हे असतं म्हणणं म्हणजे निव्वळ फॅड.

मी विशेष शिक्षिका आहे. हा मेसेज वाचून एका आईने मुलाची स्पीच थेरपी थांबवली. म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहिते आहे.

'आमच्या वेळी नव्हतं.' होतं. लक्ष टिकवता न येणाऱ्या, स्वतःला आवरता न येणाऱ्या मुलांवर जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञांनी लंडनमध्ये व्याख्यानं दिली ती 1902 मध्ये. मॉस्कोत काम करणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञ ग्रुन्या सुखारेवा यांनी सहा मुलग्यांचं वर्णन छापलं ते 1925 मध्ये. आज त्या मुलांना आपण ऑटिस्टिक, म्हणजे ऑटिझम असलेली, म्हटलं असतं. अमेरिकेतले बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांचा ऑटिझम असलेल्या 11 मुलांवरचा प्रसिद्ध लेख 1943 चा. भारतात पहिला मोबाइल कॉल लागला 1995 मध्ये. त्याच वर्षीच्या आपल्या अपंग व्यक्तींच्या कायद्यात सात प्रकार होते आणि त्यांत ना ऑटिझम होता ना अध्ययन अक्षमता. 2016 च्या कायद्यात 21 प्रकार आले, त्यांत हे दोन्ही आहेत. ज्याची नोंदच होत नव्हती त्याचा आकडा दिसणार कुठून? माणसं मात्र होती. 'ढ' म्हणून मागच्या बाकावर बसवलेला, सातवीत दोनदा नापास होऊन शाळा सुटलेला मुलगा प्रत्येकाच्या वर्गात होता. पाहुणे आले की आतल्या खोलीत पाठवली जाणारी आत्या कित्येक घरांत होती.

'मोबाइलमुळे होतं.' या मुद्द्यात थोडं तथ्य आहे, आणि म्हणूनच तो जास्त फसवतो. दोन वर्षांखालच्या मुलांना स्क्रीन नकोच, दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला एक तासाच्या आत, असं जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये सांगितलं आहे. जेवताना मोबाइल समोर ठेवण्याची सवय मोडा, हे मीही प्रत्येक घरात सांगते. स्क्रीन सुटली की घरातली माणसं मुलाशी जास्त बोलतात, खेळतात, मूल नीट झोपतं आणि त्याचा फायदा दिसतोच. पण त्यावरून ऑटिझम मोबाइलने आला होता आणि मोबाइलबरोबर गेला, असं ठरत नाही. जुळ्या भावंडांच्या अनेक अभ्यासांत ऑटिझम आणि एडीएचडी या दोन्हींत आनुवंशिकतेचा वाटा मोठा असल्याचं दिसलं आहे. दोन वर्षांचं मूल हाक मारल्यावर बघत नाही, बोटाने दाखवत नाही, आलेले शब्द गेले, असं असेल तर मोबाइल आजच बंद करा आणि कान व विकासाची तपासणीही याच आठवड्यात करा. 'तीन महिने वाट बघू' हा सल्ला त्या वयात फार महाग पडतो.

आणि नोकरी करणारी आई? हा आरोप जुनाच आहे. 1950-60 च्या दशकांत अमेरिकेत ऑटिझमसाठी आयांच्या थंडपणाला दोष दिला जात होता. स्वतः एका ऑटिस्टिक मुलाचे वडील असलेले मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड रिमलँड यांनी 1964 मध्ये तो खोडून काढला. साठ वर्षांनी तोच आरोप ठाण्याच्या लोकलमधून धावतपळत घरी येणाऱ्या आईवर लादताना आपल्याला काहीतरी वाटायला हवं.

लसींबद्दल थोडक्यात. गोवराच्या लसीला ऑटिझमशी जोडणारा ब्रिटिश डॉक्टर अँड्र्यू वेकफिल्ड यांचा 1998 चा लेख अवघ्या 12 मुलांवर होता. 2010 मध्ये नियतकालिकाने तो मागे घेतला आणि त्यांचा वैद्यकीय परवानाही गेला. डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांहून जास्त मुलांचा अभ्यास 2019 मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात गोवराच्या लसीचा आणि ऑटिझमचा संबंध सापडला नाही. लसी वेळेवर द्या.

आता धपाटे. संध्याकाळी सात वाजता ठाणे स्टेशनचा पूल डोळ्यांसमोर आणा. एकावर एक अनाउन्समेंट, धक्के, घामाचे आणि वड्यांचे वास, आणि मध्येच एक सात-आठ वर्षांचं ऑटिस्टिक मूल कान दाबून खाली बसतं, किंचाळतं. कुणीतरी म्हणतंच, 'एक ठेवून द्या.' हट्ट करणारं मूल तुमच्याकडे बघत असतं, हवं ते मिळालं की थांबतं. हे मूल कुणाकडेच बघत नसतं आणि चॉकलेट दिलं तरी त्याला थांबता येत नाही, कारण त्याला काही हवं नसतं. त्याला सगळंच असह्य झालेलं असतं. मारलं तर त्यात आणखी एक वेदना वाढते. कधी ते गप्प होतंही, पण घाबरून. त्या क्षणी त्याला कडेला न्यावं, आपलं बोलणं कमी करावं, प्रश्न विचारू नयेत. आजूबाजूच्यांनी वाट मोकळी करावी आणि व्हिडिओ काढू नये. खरं काम मात्र घरून निघण्याआधीचं असतं: रिक्षा, स्टेशन, गाडी, मावशीचं घर अशी चार चित्रं क्रमाने दाखवणं, गर्दीची वेळ टाळणं, आवाज अडवणारे हेडफोन पिशवीत ठेवणं. गणपतीत ढोल किती वाजता सुरू होणार हे मंडळाने आदल्या दिवशी ग्रुपवर टाकलं, तरी अशा घरांना तयारीला वेळ मिळतो. आणि शाळेत मारणं तर 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 नुसार बेकायदाच आहे.

'सवलती म्हणजे लाड.' केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे लेखी परीक्षेत पात्र विद्यार्थ्याला तासाला किमान 20 मिनिटं जास्त मिळतात. प्रश्नपत्रिका तीच असते. अक्षरं ओळखण्यातच ज्याचा निम्मा वेळ जातो, त्याला इतिहास येतो की नाही हे कळायला ती मिनिटं लागतात. वर्गातल्या बाकीच्या गोष्टींना तर पैसाही लागत नाही: एका वेळी एकच सूचना, फळ्याजवळची जागा, चुळबुळ्या मुलाला मध्येच उठून वह्या वाटायचं काम.

'मोठ्यांचं फॅड.' कॅनर यांच्या लेखातला पहिला मुलगा डोनाल्ड ट्रिपलेट मोठा झाला, कॉलेजला गेला, गावच्या बँकेत नोकरी केली, गोल्फ खेळला, एकट्याने परदेश फिरला आणि 2023 मध्ये 89 व्या वर्षी वारला. तो ऑटिस्टिकच राहिला. गावाने त्याच्या सवयींसकट त्याला आपलं मानलं. महापे-ऐरोलीच्या कंपन्यांत अशी माणसं आजही आहेत. बरेच जण, विशेषतः बायका, दिवसभर 'नॉर्मल' दिसण्यात इतक्या थकतात की घरी येऊन त्यांच्यात बोलायचंही त्राण उरत नाही. त्यांना काम तोंडी सांगण्याऐवजी लिहून द्या, मीटिंगचे विषय आधी कळवा, पार्टीला आले नाहीत म्हणून माणूसघाणे ठरवू नका. एडीएचडीला 2016 च्या कायद्यातल्या 21 प्रकारांत स्वतंत्र जागा नाही, त्यामुळे तिथे सगळी मदार वरिष्ठांच्या समजूतदारपणावर आहे, आणि हे बदलायला हवं.

ज्यांचं मूल मोठं झालं आहे त्यांची काळजी या मेसेजला माहीतच नाही: आमच्यानंतर काय? ऑटिझम किंवा बौद्धिक अक्षमता असलेल्या, अठरा पूर्ण झालेल्या व्यक्तीसाठी 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली कायदेशीर पालक नेमता येतो. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक समिती ते काम करते. त्याच न्यासाच्या निरामय योजनेत एक लाख रुपयांपर्यंतचा आरोग्य विमा आहे. दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांग व्यक्तींचं केंद्र सरकारचं ओळखपत्र) नसेल तर त्याची सुरुवात आधी करा. नवी मुंबईकरांना मार्गदर्शनासाठी वाशीचं महापालिकेचं दिव्यांगांसाठीचं ईटीसी केंद्र आहे आणि खारघरला बौद्धिक दिव्यांगांसाठीच्या राष्ट्रीय संस्थेचं प्रादेशिक केंद्र आहे. ज्या आईने थेरपी थांबवली होती, तिलाही मी हेच दोन पत्ते दिले आहेत.