टोमण्याचा पुरावा

खानदेशातल्या डॉक्टर मित्रमैत्रिणींच्या आमच्या व्हॉट्सॲप गटावर मे महिना आला की एक वाद हटकून निघतो. जळगावच्या डॉ. पायल तडवी यांनी मुंबईच्या नायर रुग्णालयात पदव्युत्तर शिक्षण घेत असताना २२ मे २०१९ रोजी आत्महत्या केली. तडवी भिल्ल समाजातल्या या मुलीला वरिष्ठांनी आदिवासी म्हणून हिणवले, असा आरोप आहे आणि त्याचा निवाडा न्यायालयातच व्हायचा. गटावरचा प्रश्न मात्र वेगळाच असतो. रेसिडेंट (शिकाऊ डॉक्टर) झाले की बोलणी सगळ्यांनाच खावी लागतात, त्यात जात कुठून आली? मुद्दाम कोणी केले का?

उत्तर इंग्लंडमधल्या एका सरकारी रुग्णालयात नोकरी करताना मला वाटू लागले आहे की, हेतूपाशीच अडून बसलेला हा वाद कधीच पुढे जाणार नाही. ब्रिटनही बराच काळ तिथेच अडला होता. स्टीफन लॉरेन्स या कृष्णवर्णीय तरुणाचा १९९३ मध्ये खून झाला. त्याच्या तपासाची चौकशी करणाऱ्या मॅकफर्सन अहवालाने १९९९ मध्ये नोंदवले की नकळत बाळगलेला पूर्वग्रह, अज्ञान आणि अविचार यांतूनही संस्थेच्या पातळीवर वंशभेद घडतो.

डॉक्टरांच्या बाबतीत हे कसे घडते, ते २०१९ च्याच जूनमध्ये इथल्या जनरल मेडिकल कौन्सिलने, म्हणजे डॉक्टरांच्या नियामक संस्थेने, प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात दिसले. रुग्णालयाने कौन्सिलकडे तक्रार करण्याचे प्रमाण वांशिक अल्पसंख्याक डॉक्टरांच्या बाबतीत गोऱ्या डॉक्टरांच्या सुमारे दुप्पट आणि परदेशात शिकून आलेल्यांच्या बाबतीत इथे शिकलेल्यांच्या सुमारे अडीचपट निघाले. आकड्यांपेक्षा त्यामागचे एक कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते. या डॉक्टरांना त्यांच्या चुका वेळेवर आणि स्पष्टपणे सांगितल्याच जात नाहीत, कारण वरिष्ठांना अवघड बोलणे टाळायचे असते. माझ्या विभागात एका नायजेरियन सहकाऱ्याच्या डिस्चार्ज पत्रांत औषधांच्या बदललेल्या मात्रा नोंदवायच्या राहून जात. तीच चूक करणाऱ्या गोऱ्या ज्युनिअरला कन्सल्टंटने (वरिष्ठ तज्ज्ञाने) चहाच्या वेळी बाजूला घेतले, दोन वाक्यांत समज दिली आणि विषय संपला. या सहकाऱ्याशी मात्र सगळे हसून, अदबीने वागत राहिले आणि कित्येक महिन्यांनी त्याच्या हातात थेट लेखी नोटीस पडली. त्याला कोणी एकही वावगा शब्द बोलले नव्हते. नुकसान झाले ते त्या गोडव्यानेच.

इथे नव्या डॉक्टरला हमखास विचारतात, ‘तुम्ही शिकलात कुठे?’ आपल्याकडे वसतिगृहात पहिल्याच आठवड्यात विचारतात, ‘नीटला किती पडले?’ उत्तर ऐकल्यावर समोरच्याचा सूर किती बदलला, हे ज्याला विचारले त्यालाच कळते. यावलची एखादी तडवी मुलगी किंवा शहाद्याचा पावरा आदिवासी मुलगा हा फरक सिद्ध करायला निघाला, तर हाताशी असतो तो १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा. तो कठोर आहे आणि तसाच हवा, पण अपमानाच्या गुन्ह्यासाठी अपमान लोकांच्या देखत व्हावा लागतो, आणि बदललेल्या सुराला साक्षीदार नसतो. मग उरते काय, तर पोलीस ठाणे नाही तर गप्प बसणे. मधल्या पायऱ्या, म्हणजे संस्थेतच दाद मागण्याची सोय, विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१२ च्या नियमांत आहेत, पण त्या प्रत्यक्षात याव्यात म्हणून पायलच्या आई आबेदा तडवी आणि २०१६ मध्ये आत्महत्या केलेले हैदराबादचे संशोधक विद्यार्थी रोहित वेमुला यांच्या आई राधिका वेमुला यांना २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात जावे लागले.

इथले सगळेच आदर्श आहे, असे मात्र मुळीच नाही. एनएचएस ही इथली सरकारी आरोग्यसेवा २०१५ पासून निवड, शिस्तभंग, छळ अशा नऊ निकषांवर वंशनिहाय आकडे गोळा करते आणि प्रसिद्धही करते, तरी समानतेचे सक्तीचे ऑनलाइन प्रशिक्षण माझ्याभोवतीचे बरेच जण जेवता जेवता बटणे दाबत उरकतात. आपल्या मंडळींची तर गंमतच आहे. ब्रिटनच्या समानता कायद्यात जातीचा स्पष्ट समावेश करण्याचे बंधन इथल्या संसदेने २०१३ मध्ये सरकारवर घातले, इथल्या अनेक हिंदू संघटनांनी त्याला कडाडून विरोध केला आणि २०१८ मध्ये सरकारने हा विषय न्यायालयीन निर्णयांवर सोडून दिला. त्यांतला २०१४ चा महत्त्वाचा निर्णय एका भारतीय आदिवासी घरकामगार स्त्रीने भारतीय वंशाच्याच मालकांविरुद्ध लढलेल्या खटल्यातला आहे. गोऱ्या साहेबाच्या भुवईची हालचाल अचूक टिपणारे आपले लोक गावाकडचा विषय निघाला की ‘सगळ्यातच जात बघू नका’ म्हणतात, हे मला पटत नाही.

धुळे, जळगाव आणि नंदुरबार या तिन्ही ठिकाणी आज शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. तिथे एक साधी गोष्ट करता येईल. लेखी उत्तरपत्रिका तपासणाऱ्याला विद्यार्थ्याचे नाव दिसत नाही, पण तोंडी परीक्षेत चेहरा, उच्चार आणि आडनाव परीक्षकासमोर बसलेले असते. लेखीत सारखेच गुण असलेल्या मुलांना तोंडी परीक्षेत किती गुण मिळाले, हे प्रवर्गनिहाय ताडून पाहावे. फरक निघाला नाही तर गटावरच्या मित्रांचे म्हणणे काही अंशी खरे ठरेल, आणि निघाला तर कोणाच्या मनात काय होते हे न विचारताही परीक्षेची पद्धत बदलता येईल. एका वर्गात अनुसूचित जमातीची मुले मोजकीच असतात, त्यामुळे कोणाचे गुण आहेत हे ओळखू येऊ नये म्हणून तिन्ही महाविद्यालयांची तीन-चार वर्षे एकत्र धरावी लागतील. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाला हे सहज जमेल, कारण गुण त्यांच्याकडेच आहेत.