अडीच लाखांचं पिस्तूल आणि आठवीतली मुलगी

पालकांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. 'मुलांना पिस्तूल शूटिंगला घालताय? या चुका टाळा.' त्यात सांगितलंय ते थोडक्यात असं: पहिल्याच दिवशी दोन-अडीच लाखांचं परदेशी मॅच पिस्तूल (म्हणजे स्पर्धेचं) घ्या, स्वस्तात मेडल येत नाही. एअर पिस्तूल हे खेळणं आहे, लवकरात लवकर .22 वर, म्हणजे काडतुसाच्या पिस्तुलावर जा, कॅलिबर (नळीचा व्यास) मोठं तेवढा नेम पक्का. छर्रे कुठलेही चालतात, पैसा हत्यारात घाला. मूठ एक साइज मोठीच घ्या, मूल वाढतंय. आणि नवं परवडत नसेल तर सेकंडहँड बिनधास्त उचला, हवेवरच्या पिस्तुलाला झीज नसते.

हा मेसेज मोबाइलवर उघडून गेल्या महिन्यात एक वडील रेंजवर आले. मुलगी आठवीत, शूटिंगला येऊन जेमतेम तीन आठवडे झालेले. "सर, पतसंस्थेतून कर्ज काढतोय, कुठलं घेऊ तेवढं सांगा," म्हणाले. त्यांना जे सांगितलं तेच इथे लिहितोय, कारण असे वडील एकटे नाहीत.

आधी महागड्या पिस्तुलाचं बघू. 10 मीटर एअर पिस्तुलाच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ 11.5 मि.मी. व्यासाचं असतं, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढं. छर्रा 4.5 मि.मी.चा, आणि त्याचं भोक रेषेला नुसतं शिवलं तरी वरचा गुण मिळतो. म्हणजे छर्‍याचा मध्य टार्गेटच्या केंद्रापासून 8 मि.मी.पर्यंत कुठेही पडला तरी दहा. साधंसं पण नीट बनवलेलं मॅच पिस्तूल शिकंजात घट्ट बांधून चालवलं, तर त्याचे पाचही छर्रे या जागेत आरामात बसतात. आता माणसाची चूक मोजा. नेम धरायच्या पुढच्या आणि मागच्या साइटमध्ये साधारण 32 सें.मी. अंतर असतं. सोडताना पुढची साइट मागच्या खाचेत फक्त 1 मि.मी. सरकली, तर टार्गेटवर छर्रा सुमारे 30 मि.मी. बाजूला जातो. म्हणजे दहाऐवजी सात. नवशिक्या मुलाच्या हातात ही साइट दर सेकंदाला यापेक्षा जास्त हलते. तीन गुण हातातून जातायत आणि आपण अर्ध्या गुणासाठी कर्ज काढतोय.

यात मेसेजचं एक म्हणणं मला मान्य आहे. बाजारात मिळणारी अगदी स्वस्त स्प्रिंगवाली पिस्तुलं घेऊ नका. त्यांचा पिस्टन सुटताना हाताला झटका देतो, ट्रिगर जड आणि खरखरीत असतो, आणि मूल तो ओढायला शिकतं. ही खोड पुढे मोडता मोडत नाही. स्पर्धेच्या नियमात एअर पिस्तुलाचा ट्रिगर सुटायला किमान 500 ग्रॅमचा भार लागला पाहिजे. चांगल्या पिस्तुलात तो तेवढ्याच वजनावर, काच फुटावी तसा सुटतो. पण हा ट्रिगर काही फक्त अडीच लाखांतच मिळतो असं नाही. रशियाच्या इझेव्हस्कचं आयझेडएच-46एम हे नळीखालचा दांडा एकदा दाबून हवा भरायचं पिस्तूल. त्याला ना हवेचा सिलिंडर लागतो, ना वेगळा पंप. जगभरात कितीतरी मुलं त्याच्यावर शिकली. आणि पहिले सहा महिने तर क्लबचं पिस्तूल पुरतं. मूल टिकतंय का, हात कसा वाढतोय, हे त्या काळात कळतं.

महाग पिस्तूल बिघडत नाही, हाही समज काढून टाका. टोकियो ऑलिम्पिकमध्ये 10 मीटरच्या पात्रता फेरीत मनू भाकरचं पिस्तूल ऐन सामन्यात बिघडलं. दुरुस्तीत मोलाचा वेळ गेला, अंतिम फेरी हुकली. तीच मनू पॅरिसला 2024 मध्ये ब्राँझ घेऊन आली.

आता कॅलिबर. मला सगळ्यात जास्त राग या मुद्द्याचा आहे, कारण यात पैशाबरोबर कायदाही येतो.

आपल्या खेळात कॅलिबर आपण निवडत नाही, स्पर्धा निवडते. 10 मीटरला 4.5 मि.मी.च. 25 मीटर पिस्तूल आणि रॅपिड फायर या स्पर्धांना .22, म्हणजे 5.6 मि.मी. सेंटर फायर या स्पर्धेला 7.62 ते 9.65 मि.मी., आणि तिथेही बहुतेक जण .32 वापरतात. मोठ्या कॅलिबरने नेम पक्का होतो असं असतं, तर 25 मीटरच्या प्रिसिजन टार्गेटवर दहाचं वर्तुळ 50 मि.मी. आणि 10 मीटरवर 11.5 ठेवलंच नसतं. एअर पिस्तूल खेळणं नाहीच. छर्रा सेकंदाला दीडशे मीटरच्या आसपास वेगाने जातो, .22 ची गोळी त्याच्या जवळजवळ दुप्पट. हळू छर्रा नळीत जास्त वेळ राहतो. तेवढ्या वेळात मनगट ढिलं पडलं तर ते टार्गेटवर दिसतंच. म्हणून एअरवर तयार झालेला हात .22 वर चालतो, उलटं क्वचित होतं.

कायद्याचं सांगतो. 4.5 मि.मी. नळीच्या आणि 20 ज्यूलच्या आतल्या एअर पिस्तुलाला शस्त्रपरवाना लागत नाही. मॅच पिस्तुलाची ऊर्जा पाच-सहा ज्यूल असते, म्हणजे ते बरंच आत बसतं. .22 मात्र बंदूकच. 1959 चा शस्त्र कायदा आणि 2016 चे नियम पूर्ण लागू. सर्वसाधारण परवान्याचं वय 21. त्याआधीच्या नेमबाज मुलांना जी मुभा आहे ती अटींसकट आहे. घरात आठवीतलं मूल आणि बंदूक ठेवायची तर कुलूप, कपाट, पोलिसांकडची नोंद हे सगळं आलं. शिवाय .22 चं एक काडतूस एका छर्‍याच्या कितीतरी पट महाग पडतं, आणि .22 चालवायची रेंज प्रत्येक जिल्ह्यात नसते. एअरला दहा मीटरपेक्षा थोडी लांब खोली आणि टार्गेटमागे छर्रे अडवणारी पक्की सोय पुरते. कोल्हापूरच्या राही सरनोबतने 2018 च्या आशियाई स्पर्धेत 25 मीटरमध्ये सुवर्ण जिंकलं, ते .22 वरच. पण तिचं नाव सांगून आठवीतल्या मुलीला पहिल्याच वर्षी .22 कडे ढकलणं चूक आहे.

छर्‍यांबाबत मेसेज सपशेल उलटा आहे. एकाच पिस्तुलात दोन डब्यांचे छर्रे वेगळे जातात. डब्यावर 4.49, 4.50, 4.51 असे डोक्याचे आकार छापलेले असतात ते यासाठीच. आरडब्ल्यूएस, एच अँड एन, जेएसबी, चीनचं छ्यांग युआन, यांतला आपल्या नळीला कुठला मानवतो ते बांधून पाच-पाच छर्रे चालवल्याशिवाय कळत नाही. हिशेब करा: आठवड्याला पाच दिवस, दिवसाला शंभर छर्रे, म्हणजे महिन्याला पाचशेचे चार डबे. सरावाला साधा डबा, स्पर्धेला आणि तिच्या आधीच्या पंधरवड्यात चांगला. खरा खर्च वर्षभर इथे होतो, आणि कर्जाचा हप्ता डोक्यावर असला की घरचे पहिली कात्री इथेच लावतात. सरावाला छर्रेच नसलेलं महाग पिस्तूल मी पाहिलंय. मूल रोज ते पुसून ठेवायचं. (छर्रे शिशाचे असतात, सराव झाला की मुलांना हात साबणाने धुवायला लावा. ही गोष्ट त्या मेसेजमध्ये कुठेच नाही.)

बिनछर्‍याचा सराव फुकट आहे. बहुतेक मॅच पिस्तुलांत ड्राय फायरची सोय असते. हवा भरायची नाही, पिस्तूल रिकामं आहे हे दोनदा तपासायचं, पांढर्‍या भिंतीसमोर उभं राहून फक्त साइट आणि ट्रिगर. रोज वीस मिनिटं.

मुठीचं त्या वडिलांना तिथेच दाखवलं. मुलीच्या हातात आधी मीडियम मूठ दिली. बोट ट्रिगरला पोचावं म्हणून तिने तळहात कडेने फिरवला, अंगठ्याखाली एक पोकळी राहिली, आणि बोटाचं फक्त टोक ट्रिगरला टेकलं. पाच छर्रे, पाचही डावीकडे. मग स्मॉल मूठ लावली. पोकळी गेली, बोटाचं पहिलं पेर सरळ ट्रिगरवर आलं. तेच पिस्तूल, तीच मुलगी, आणि घोळका मध्याकडे सरकला. मूठ वेगळी विकत मिळते, दोन वर्षांनी बदलता येते, थोडी कमी-जास्त असेल तर पुट्टी लावून, घासून बसवता येते. वाढत्या अंगाला बूट एक साइज मोठा घेतात तसं इथे चालत नाही.

या मेसेजवर कुणीतरी लगेच तुर्कीच्या नेमबाज युसुफ डिकेचचा फोटो टाकतं: खिशात हात, साधा चष्मा, आणि पॅरिसला रौप्य, म्हणजे काहीच लागत नाही. हेही खरं नाही. खिशात हात बहुतेक सगळेच पिस्तूल नेमबाज घालतात, मोकळा हात हलू नये म्हणून. त्याच्या हातात होतं ते मॅच पिस्तूलच, आणि 2008 पासूनच्या ऑलिम्पिकचा अनुभव पाठीशी होता. त्या फोटोतून घ्यायचंच असेल तर एवढं घ्या, की रायफलला लागतात तसे जाडजूड महागडे जाकीट-पँट पिस्तुलाला लागत नाहीत.

राहिलं सेकंडहँड. मी त्याच्या विरोधात नाही, उलट दुसर्‍या वर्षी तोच रस्ता बरा. पण मेसेजमधलं 'बिनधास्त उचला' हे धोक्याचं आहे. हवेच्या सिलिंडरमध्ये 200 बारचा दाब असतो, आणि त्यावर तारीख कोरलेली असते. मोठ्या कंपन्या बनल्यापासून दहा वर्षांची मुदत देतात. मुदत संपलेला सिलिंडर स्पर्धेच्या तपासणीत चालत नाही, आणि सिलिंडरची तारीख बघणं ही नेमबाजाचीच जबाबदारी धरली जाते. नवा सिलिंडर परदेशातून मागवायचा म्हणजे पैसे आणि महिने दोन्ही जातात. म्हणून पिस्तूल हातात घेण्याआधी सिलिंडर फिरवून तारीख वाचा. भरून रात्रभर ठेवा, सकाळी काटा तिथेच आहे का बघा. ट्रिगरला 500 ग्रॅमचं वजन टांगून उचलून बघा, तो सुटता कामा नये.

त्या वडिलांना कुणीतरी एक पिस्तूल दाखवलंही होतं. फोटो त्यांच्या मोबाइलमध्ये होता. सिलिंडरवरचा आकडा मोठा करून वाचला, मुदतीचे चार महिने उरले होते. कर्जाचा अर्ज त्यांनी अजून दिलेला नाही. मुलगी क्लबच्या पिस्तुलावर स्मॉल मूठ लावून चालवते, आणि चार डबे छर्रे त्यांनी मागच्या रविवारी आणून दिले.