गार्ड व्हा, सुखी व्हा!

गार्ड म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर दोनच माणसं येतात. एक, गाडीच्या शेवटच्या डब्यातून हिरवा झेंडा दाखवणारा. दुसरा, सोसायटीच्या गेटवर खुर्ची टाकून बसलेला आणि आल्यागेल्याची वहीत सही घेणारा. दोघांचंही बरं चाललेलं असतं. एकाला पगार वेळेवर मिळतो, दुसऱ्याला निदान खुर्ची तरी. तुम्ही मात्र तिसराच गार्ड व्हायचं मनावर घेतलंय, अमेरिकेतल्या कॉलेजच्या बास्केटबॉल टीमचा. निर्णय उत्तम आहे. न्यू जर्सीत वीसेक वर्षं काढून आणि दर मार्चमध्ये ऑफिसातल्या पैजेत दहा डॉलर घालवून मी जे शिकलो, ते तुम्हाला फुकट सांगतो. फुकट हा शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आधी काम समजून घ्या. कोर्टावरच्या पाच जणांत जे बुटके असतात, ते गार्ड. बुटके म्हणजे सहा फूट दोन इंच वगैरे. चेंडू आपल्या अंगणातून पलीकडच्या अंगणात न्यायचा, आणि ऐन वेळी दुसऱ्याच्या हातात द्यायचा. तो बास्केट करतो, लोक त्याच्या नावाने ओरडतात, तुमच्या नावापुढे एक ‘असिस्ट’ लागतो. चेंडू हातचा गेला तर मात्र तो तुम्हीच घालवलेला असतो. एकत्र कुटुंबात थोरली सून म्हणून नांदलेल्या कुणाही बाईला हे काम समजावून सांगावं लागणार नाही.

उंचीचं टेन्शन घेऊ नका. स्थळाच्या बायोडेटात लिहितात तशीच लिहायची. कॉलेजच्या छापील यादीत सगळेच दोन इंच वाढलेले असतात. एनबीएने, म्हणजे तिकडच्या व्यावसायिक लीगने, २०१९ मध्ये फर्मान काढलं की उंची बूट काढून मोजा आणि तीच कळवा, तेव्हा भलेभले एका रात्रीत खचले. पण ते व्यावसायिकांचं झालं, तुमचा त्याच्याशी संबंध येण्याची शक्यता कमीच. पहिल्या डिव्हिजनमध्ये साडेतीनशेच्या वर कॉलेजं, प्रत्येकात तेरा-पंधरा पोरं, आणि एनबीएच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे टीमांनी नवे खेळाडू उचलायच्या वार्षिक निवडीत, जागा जास्तीत जास्त साठ. त्यातही अर्धं जग रांगेत.

जन्म कुठे घ्यायचा तेही जमल्यास बघून घ्या. बाप खेळाडू किंवा कोच असलेला बरा. कॉलेजच्या खेळातला विक्रमवीर पीट मॅराविच, त्याचे वडीलच त्याच्या लुइझियाना स्टेट कॉलेजचे कोच होते. पण बापावर फार विसंबूही नका. पुढे एनबीएचा तारा झालेला गार्ड स्टीफन करी, त्याचे वडील डेल व्हर्जिनिया टेकचे नावाजलेले खेळाडू, पुढे एनबीएत मुरलेले. त्याच व्हर्जिनिया टेकने पोराला सांगितलं, ये, पण वॉक-ऑन म्हणून. वॉक-ऑन म्हणजे फी तुमची, घाम तुमचा, जर्सी त्यांची. करी मग डेव्हिडसन नावाच्या चिमुकल्या कॉलेजात गेला. मार्चमध्ये कॉलेजांची राष्ट्रीय स्पर्धा असते, २००८ च्या त्या स्पर्धेत त्याने गोन्झागाविरुद्ध एकट्याने ४० पॉइंट केले, पुढे जॉर्जटाउन आणि विस्कॉन्सिनला घरी धाडलं. त्याचं उदाहरण तुम्हाला प्रत्येक कोच देईल. तुम्ही त्याच टीमचा पॉइंट गार्ड, म्हणजे चेंडू पुरवणारा, जेसन रिचर्ड्स आठवायचा. त्या मोसमात देशात सर्वाधिक असिस्ट त्याचे होते. कान्ससविरुद्ध ५९-५७ अशी दोनाची पिछाडी, शेवटचे काही सेकंद, करीभोवती दोघांचा वेढा. जन्मभर दुसऱ्यांना चेंडू पुरवणाऱ्या रिचर्ड्सच्या हातात तो एकदाचा परत आला. लांबून मारला, गेला नाही. पुढे एनबीएतल्या मायामीने त्याला करारावर घेतलं, तर गुडघा गेला. एनबीएचा एकही सामना त्याच्या नशिबी आला नाही. पुरवणाऱ्याला पुरवठा होत नाही, हे तेव्हापासून माझ्या डोक्यात बसलंय.

आता तुमच्या हुद्द्याविषयी. तुम्ही नुसते खेळाडू नसता, आणि कामगार तर नाहीच नाही. तुम्ही ‘स्टुडंट-अ‍ॅथलीट’. हा जोडशब्द भाषेच्या गरजेपोटी जन्मला असं समजू नका. १९५५ मध्ये कोलोरॅडोतल्या एका लहान कॉलेजचा फुटबॉलपटू सामन्यातल्या दुखापतीने गेला आणि त्याच्या बायकोने कामगाराच्या विधवेला मिळते तशी भरपाई मागितली. असल्या मागण्यांची धास्ती घेऊन कॉलेजांच्या खेळाचा कारभार पाहणाऱ्या एनसीएएने हा शब्द सक्तीचा केला. संघटनेचे तेव्हाचे कारभारी वॉल्टर बायर्स यांनी निवृत्तीनंतर हे स्वतःच सांगून टाकलं. त्या बाईंना भरपाई मिळाली नाही. शब्द मात्र रुजला आणि आज समालोचक तो मंत्रासारखा म्हणतात.

ह्या हुद्द्याला शोभेल असं सोवळंही होतं. जेवणाच्या वेळा सोडून कॉलेजने तुम्हाला बेगल दिला, तर चालायचं. बेगल म्हणजे मध्ये भोक असलेला चिवट पाव. पण त्याच्यावर क्रीम चीज फासलं, की तो खाऊ राहत नसे, त्याचं जेवण होई, आणि जादा जेवण म्हणजे नियमभंग. उपासाला कोथिंबीर चालते की नाही यावरून आपल्याकडे जावाजावा बोलेनाशा होतात, पण पावावरच्या लोण्यासाठी नियमावली छापण्याइतकी मजल आपण मारलेली नाही.

आणि हे सगळं शिधा कमी पडला म्हणून नव्हे बरं का. २०१० मध्ये एनसीएएने ह्या मार्चमधल्या स्पर्धेचे टीव्ही हक्क चौदा वर्षांसाठी १,०८० कोटी डॉलरना विकले, आणि सहा वर्षांनी ते आणखी ८८० कोटींना २०३२ पर्यंत वाढवून घेतले. अनेक राज्यांत सर्वांत जास्त पगार घेणारा सरकारी नोकर हा राज्यपाल नसून कोच असतो. स्पर्धा जिंकल्यावर खेळाडू शिडीवर चढून बास्केटची जाळी कात्रीने कापतात, तो सोहळा तुम्ही पाहिला असेल. नीट बघा, त्या शिडीवर कंपनीचं नाव असतं. ती स्पर्धेची अधिकृत शिडी आहे. म्हणजे शिडीने नाव विकलं तर ते प्रायोजकत्व, आणि शिडीवरच्या पोराने सही विकली तर तो भ्रष्टाचार, अशी कितीतरी वर्षं वाटणी होती.

२०१४ साल तर ह्या अभ्यासक्रमाचं पाठ्यपुस्तकच म्हणा. त्या वर्षी वॉरन बफे यांच्या पाठबळावर बक्षीस लागलं होतं, स्पर्धेच्या सगळ्या सामन्यांचे निकाल आधीच अचूक वर्तवणाऱ्याला १०० कोटी डॉलर. सोफ्यावर लोळून अंदाज बांधणाऱ्याला, बरं का. खेळणाऱ्यांतला सर्वांत गाजलेला गार्ड होता कनेटिकटचा शबाझ नेपियर. त्याने पत्रकारांना सांगितलं की कधी कधी आपण रात्री उपाशीपोटी झोपतो. ७ एप्रिलला त्याने केंटकीला ६०-५४ असं हरवून अजिंक्यपद आणलं, आणि त्यानंतर जेमतेम आठवड्याभरात एनसीएएच्या समितीने खेळाडूंना पोटभर जेवायची मुभा मंजूर केली. प्रस्ताव म्हणे आधीपासूनच विचाराधीन होता. असेल. आपल्याकडचे खड्डेही मंत्री येण्याआधी विचाराधीनच असतात.

अभ्यासाची काळजी सोडा. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात एका विभागात असे वर्ग चालत की ते भरतच नसत. शेवटी एक निबंध द्यायचा, तो कचेरी सांभाळणाऱ्या बाईंनी तपासायचा, गुण छान पडायचे. अठरा वर्षं चाललं, तीन हजार एकशेहून जास्त विद्यार्थी त्यातून गेले, त्यांत खेळाडूंचा भरणा मोठा. २०१४ च्या चौकशी अहवालात सगळं बाहेर आलं. २०१७ मध्ये एनसीएएने निकाल दिला की शिक्षा करता येत नाही, कारण हे वर्ग खेळाडू नसलेल्यांनाही खुले होते. समान संधीचा इतका उदात्त अर्थ मी तरी दुसरीकडे पाहिलेला नाही.

तुम्ही म्हणाल, काका, हे जुनं झालं, आता पैसे मिळतात. मिळतात की! जून २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नऊ विरुद्ध शून्य असा एनसीएएच्या विरोधात निकाल दिला, आणि पुढच्याच महिन्यापासून खेळाडूला स्वतःचं नाव स्वतः विकायची परवानगी मिळाली. २०२५ पासून तर कॉलेजं स्वतः खेळाडूंत पैसे वाटू शकतात, पहिल्या वर्षी साधारण २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत. शिवाय ट्रान्सफर पोर्टल आहे. आपल्याकडे बदलीसाठी मंत्रालयाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात, इथे पोर्टलवर नाव घातलं की झालं. एक गार्ड चार वर्षांत चार कॉलेजांच्या जर्सी घालून मोकळा होतो.

ह्यात तुमची भूमिका एवढीच, की शिव्या खायची तयारी ठेवा. कोच करार मोडून मोठ्या कॉलेजात गेला तर त्याची प्रगती झाली, तुम्ही गेलात तर हल्लीच्या पोरांत निष्ठा उरली नाही. कॉलेजांची निष्ठा बघायची असेल तर नकाशा घ्या. कॉलेजं आपापसांत खेळायला गट करतात, त्याला कॉन्फरन्स म्हणतात. पॅसिफिकच्या काठावरचं स्टॅनफर्ड २०२४ पासून अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्समध्ये खेळतं. लॉस एंजेलिसचं यूसीएलए बिग टेनमध्ये गेलं, ज्यात आता अठरा कॉलेजं आहेत. मंगळवारी रात्री न्यू जर्सीत सामना, गुरुवारी सकाळी कॅलिफोर्नियात तास. विमानात वाचायला पुस्तक न्या, तेवढाच स्टुडंट.

मार्चमध्ये मात्र चुकू नका. चार महिने तुम्ही काय केलंत ते कुणी बघत नाही, मार्चमधले चाळीस सेकंद बघतात. मेम्फिसच्या डेरिक रोजने २००८ च्या अंतिम सामन्यात शेवटच्या अकरा सेकंदांत दोन फ्री थ्रोंपैकी एक घालवला. कान्ससच्या मारिओ चाल्मर्सने, तोही गार्डच, थ्री, म्हणजे रेघेबाहेरून तीन पॉइंटांचा चेंडू, मारून बरोबरी साधली आणि जादा वेळेत सामना गेला. पुढच्या वर्षी रोजची प्रवेश परीक्षा अवैध ठरल्याचं कारण देऊन एनसीएएने मेम्फिसचे त्या मोसमातले ३८ विजय पुसून टाकले. सामने झाले, तिकिटं विकली गेली, जाहिराती दाखवल्या गेल्या. विजय तेवढे झाले नाहीत. तिकिटांचे पैसे कुणी परत मागितल्याचं ऐकिवात नाही. कान्ससचा विजय शाबूत आहे.

अंगमेहनतीचं फळ मिळतंच, असं ज्यांना वाटतं त्यांनी सिरॅक्यूजच्या जॉनी फ्लिनला नमस्कार करावा. मार्च २००९, मॅडिसन स्क्वेअर गार्डन, कनेटिकटविरुद्ध सामना सहा वेळा जादा वेळेत गेला. मध्यरात्र उलटली. सत्तर मिनिटांच्या खेळात हा गडी सदुसष्ट मिनिटं कोर्टावर होता. मी टीव्हीसमोर चौथ्या जादा वेळेला झोपलो. सिरॅक्यूज १२७-११७ ने जिंकलं. त्या जूनमध्ये मिनेसोटाने ड्राफ्टमध्ये लागोपाठ दोन पॉइंट गार्ड उचलले, पाचवा रिकी रुबिओ आणि सहावा फ्लिन. सातव्या क्रमांकावर उरलासुरला करी गोल्डन स्टेटला मिळाला. फ्लिनचा खुबा दुखावला, शस्त्रक्रिया झाली, तीन मोसमांत एनबीए संपली आणि तो मेलबर्नला खेळायला गेला. तेव्हा पासपोर्ट आजच काढून ठेवा. २०११ चा देशातला सर्वोत्तम कॉलेज खेळाडू जिमर फ्रेडेट चीनमध्ये शांघायच्या टीमकडून एका सामन्यात ७५ पॉइंट करून आला.

मुलगी असेल तर गणित आणखी सोपं. आयोवाच्या केटलिन क्लार्कने मार्च २०२४ मध्ये मॅराविचचा ३,६६७ पॉइंटांचा विक्रम मागे टाकला आणि ३,९५१ वर थांबली. व्यावसायिक झाल्यावर लीगने पहिल्या वर्षाचा पगार दिला ७६,५३५ डॉलर. आमच्या ऑफिसात नव्याने लागलेली पोरं यापेक्षा जास्त घेतात, आणि त्यांचा विक्रम फक्त मीटिंगला उशिरा येण्याचा.

राहता राहिला अँट्वॉन डेव्हिस. डेट्रॉइट मर्सीचा गार्ड, कोच पुन्हा वडीलच. मोठ्या कॉलेजांत जायचं सोडून तो बापाजवळ पाच वर्षं राहिला, एक वर्ष कोविडने वाढवून दिलेलं. म्हणजे निष्ठा, निष्ठा म्हणून जी काय ती लोक शोधत असतात, ती हीच. १४४ सामने, ५८८ थ्री. इतके थ्री त्याआधी कुणी मारले नव्हते. २ मार्च २०२३ ला यंग्सटाउनमध्ये त्याने २२ पॉइंट केले, अखेरच्या क्षणी मारलेला थ्री हुकला, टीम ७१-६६ ने हरली. कारकिर्दीची बेरीज ३,६६४. मॅराविचपेक्षा तीन कमी.

तीन. एक चेंडू. टीमचे विजय चौदा, पराभव एकोणीस, तरीही पैसे भरून खेळायच्या एका दुय्यम स्पर्धेचं बोलावणं येईल म्हणून ते वाट बघत राहिले. आलं नाही. तिकडे जाणकार मंडळी हिशेब मांडत होती, की मॅराविचने तीन वर्षांत, ८३ सामन्यांत आणि थ्रीची रेघ नसताना हे केलं होतं. हिशेब बरोबरच होता. ड्राफ्टमध्ये डेव्हिसचं नाव कुणी घेतलं नाही.

परवा ताईकडे गेलो तर भाचा जेवणाच्या टेबलावर उन्हाळी बास्केटबॉल शिबिराचा फॉर्म भरत बसला होता. ताई त्याला दाराच्या चौकटीला उभा करून डोक्यावर पट्टी धरत होती. पाच फूट आठ, तेही पट्टी जरा तिरकी धरून.

“मामा, काय लिहू?”

“खरं ते लिही,” ताई म्हणाली.

“थांब,” मी म्हटलं, “आधी बूट घालून ये.”