मेल नुसता उघडल्यानेही घात होतो

निपाणीला माझी आत्या एका पतसंस्थेचं कार्यालय सांभाळते. संस्थेचा स्वतःच्या नावाचा मेल आहे. तो ब्राउझरमध्ये उघडायचा आणि देखभाल होस्टिंगवाल्याकडे, म्हणजे सर्व्हर भाड्याने देणाऱ्याकडे, अशी व्यवस्था. ब्राउझरमध्ये मेल दाखवणारा हा प्रोग्राम, म्हणजे वेबमेल, अपडेट करून घ्या म्हणून मी तिच्या मागे लागलो होतो. उत्तर म्हणून तिने एक फॉरवर्ड पाठवला आणि खाली लिहिलं, "हे वाच की जरा. तू उगाच घाबरवतोस आम्हाला." तोच फॉरवर्ड मग बेळगावच्या आणि खानापूरच्या मराठी ग्रुपांवरही दिसला. सभासदांच्या ठेवींची कागदपत्रं ज्या मेलवर येतात, तिथे अशा मजकुरावर भरवसा ठेवून काम चालणार असेल तर गप्प बसणं मला जमणार नाही.

फॉरवर्डचं म्हणणं थोडक्यात असं: मेल उघडून वाचल्याने काही होत नाही, लिंक दाबली किंवा अटॅचमेंट उतरवली तरच धोका. पत्त्याशेजारी कुलूप आणि संगणकात अँटिव्हायरस असला की मेल सुरक्षित. सर्व्हरवर 'स्क्रिप्ट' हा शब्द गाळला की असले हल्ले थांबतात. वेबमेलच्या अपडेटची घाई नको, जुनं व्हर्जन स्थिर असतं. हे हल्ले परदेशी सरकारांवर होतात, आपल्या भागात कोण येतंय? आणि काही झालंच तर पासवर्ड बदलला की विषय संपला.

पहिला मुद्दा सर्वांत घातक आहे, म्हणून त्यावरच जास्त लिहितो.

वेबमेल म्हणजे एक संकेतस्थळ. तुम्ही लॉगिन करता, आणि त्या पानाला तुमचे मेल वाचायचे, पाठवायचे, खोडायचे, संपर्कांची यादी बघायचे सगळे अधिकार मिळतात. आता बाहेरून आलेला मेल हाही बहुतेक वेळा एचटीएमएलमध्येच, म्हणजे वेबपानं ज्या खुणांच्या भाषेत लिहितात तिच्यातच असतो, आणि वेबमेल तो त्याच पानात मांडून दाखवतं. त्यात जावास्क्रिप्ट, म्हणजे पानात चालणारा छोटा प्रोग्राम, दडवलेली असेल तर ती आधी काढून टाकणं हे वेबमेलचं काम. ते काढण्यात चूक राहिली की ती स्क्रिप्ट तुमच्या ब्राउझरमध्ये, तुमच्या लॉगिनच्या अधिकाराने चालते. ब्राउझरच्या दृष्टीने ती त्या पानाचीच असते. यालाच क्रॉस-साइट स्क्रिप्टिंग म्हणतात. इथे लिंक कुठे आली? अटॅचमेंट कुठे आली? मेल उघडणं हीच कृती पुरेशी आहे.

हे पुस्तकातलं नाही, घडलेलं आहे. ईसेट ही स्लोव्हाकियातली सुरक्षा कंपनी. तिने २५ ऑक्टोबर २०२३ रोजी विंटर व्हिव्हर्न या हल्लेखोर टोळीवरचा अहवाल प्रसिद्ध केला. युरोपातल्या सरकारी कार्यालयांना आउटलुकच्या नावाने एक साधा दिसणारा मेल गेला होता. त्याच्या एचटीएमएलच्या शेवटी एसव्हीजी प्रकारच्या चित्राचा एक टॅग, म्हणजे एचटीएमएलमधली खूण, होता, आणि त्यात सांकेतिक रूपात दडवलेला मजकूर. तिथल्या राउंडक्यूब या वेबमेलने तो मेल उघडून दाखवला की अस्तित्वात नसलेलं एक चित्र मागवलं जायचं. ते अर्थातच सापडायचं नाही, आणि 'चित्र आलं नाही तर हे कर' या सूचनेतली जावास्क्रिप्ट सुरू व्हायची. पुढे तीच स्क्रिप्ट खात्यातले फोल्डर आणि मेल वाचून हल्लेखोरांच्या सर्व्हरकडे पाठवायची. ब्राउझरमध्ये मेल बघण्यापलीकडे वापरणाऱ्याला काहीही करावं लागत नव्हतं, हे अहवालात स्पष्ट लिहिलं आहे. आणखी गंभीर गोष्ट अशी की त्या वेळचं अगदी ताजं राउंडक्यूबही यातून सुटलं नव्हतं. ईसेटने १२ ऑक्टोबरला कळवलं, राउंडक्यूबच्या लोकांनी दोन दिवसांत दुरुस्ती केली आणि १६ तारखेला नवी व्हर्जन्स बाहेर काढली. सुरक्षादोषांच्या सीव्हीई या जागतिक यादीत या दोषाचा क्रमांक सीव्हीई-२०२३-५६३१.

युक्तीही नवी नाही. जून २००६ मध्ये यामॅनर नावाचा किडा याहू मेलमध्ये असाच पसरला होता. मेल उघडला की तो संपर्कयादीतल्या पत्त्यांवर स्वतःला पाठवायचा. म्हणजे 'नुसतं वाचल्याने काही होत नाही' हे वाक्य निदान तेव्हापासून खोटं ठरलेलं आहे, आणि तरी आज माझ्या आत्याला ते खात्रीने सांगितलं जातंय.

एक गोष्ट नाइलाजाने मान्य करतो. लिंक दाबू नका, अनोळखी अटॅचमेंट उघडू नका हा सल्ला बरोबर आहे, आणि फसवणुकीचे बरेच प्रकार त्याने टळतातही. थंडरबर्डसारख्या, संगणकावर बसवायच्या मेल-प्रोग्राममध्ये मेल वाचणाऱ्याला वरचा धोका तसा नाही, कारण तिथे मेलमधली जावास्क्रिप्ट चालवलीच जात नाही. पण फॉरवर्ड लिहिणाऱ्याने हा फरक सांगितलेला नाही. आमच्याकडच्या संस्था आणि कारखाने ब्राउझरमधलं वेबमेल वापरतात, आणि तिथे अर्धं खरं सांगणं धोक्याचं आहे.

कुलूप आणि अँटिव्हायरसबद्दल फार लिहायची गरज नाही. कुलपाचा अर्थ एवढाच की तुमचा ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यामधल्या वाटेत कुणी वाचत नाही. वाईट मेलही त्याच बंदोबस्तातून सुखरूप तुमच्यापर्यंत येतो. या चिन्हावरून लोकांचा चुकीचा समज होतो, म्हणून गूगलने २०२३ मध्ये क्रोममधून ते काढून टाकलं. अँटिव्हायरस संगणकावरच्या फाइल तपासतो. इथे फाइल उतरतच नाही, सगळं ब्राउझरच्या पानात घडतं. तो असावा, पण या दोषावर तो उपाय नाही.

'स्क्रिप्ट' शब्द गाळण्याचा मुद्दा वाचून वाटलं की कुणीतरी कधीतरी खरोखर असा फिल्टर बसवला असावा आणि त्यावर विसंबून झोपला असावा. वरच्या हल्ल्यात 'स्क्रिप्ट' नावाच्या टॅगची गरजच पडली नव्हती. चित्राचा टॅग आणि त्याची चूक-सूचना एवढ्यावर भागलं. मे २०२४ मध्ये राउंडक्यूबने आणखी एक दोष दुरुस्त केला, तो एसव्हीजीमधल्या हालत्या चित्रांच्या गुणधर्मांमधून आला होता. वाईट शब्दांची यादी करून गाळायला बसलं तर यादी कधी संपतच नाही.

योग्य पद्धत उलटी आहे. कोणते टॅग आणि कोणते गुणधर्म चालतील तेवढेच ठरवायचे, बाकी सगळं फेकायचं. हे काम मेल पानावर मांडण्याआधी अगदी शेवटी करायचं आणि नंतर त्या मजकुराला हात लावायचा नाही. ऑगस्ट २०२४ चा सीव्हीई-२०२४-४२००९ हा दोष नेमका इथेच होता: साफ केलेल्या मजकुरात राउंडक्यूब नंतर पुन्हा फेरफार करायचं. चाळलेलं पीठ परातीत ओतताना त्यात पुन्हा खडा पडावा तसं. आणि मेल म्हणजे फक्त मजकूर नव्हे. विषय, पाठवणाऱ्याचं नाव, फाइलचं नाव, कॅलेंडरचं आमंत्रण, सगळं बाहेरून आलेलं असतं. झिंब्रा या दुसऱ्या वेबमेलमध्ये कॅलेंडरच्या आमंत्रणातूनच अशी स्क्रिप्ट घुसवली गेली होती.

साफसफाईत कधीतरी चूक राहणारच, हे धरून वेबमेल बनवणाऱ्यांना आणि चालवणाऱ्यांना पुढचे अडसर लावावे लागतात. मेलचा मजकूर वेगळ्या चौकटीत दाखवायचा आणि त्या चौकटीला स्क्रिप्ट चालवायची परवानगीच द्यायची नाही. अटॅचमेंट वेगळ्या डोमेनवरून, म्हणजे वेगळ्या वेबपत्त्यावरून द्यायच्या, एसव्हीजी थेट न उघडता उतरवायला लावायची. कुठल्या स्क्रिप्ट चालतील हे ब्राउझरला सांगणारं कंटेंट सिक्युरिटी पॉलिसीचं हेडर कडक ठेवायचं. तुमचं लॉगिन लक्षात ठेवणारी नोंद म्हणजे कुकी, तिला एचटीटीपी-ओन्ली हे बंधन लावायचं, म्हणजे स्क्रिप्टला ती वाचता येत नाही. मात्र कुकी सुरक्षित राहिली म्हणजे सगळं सुरक्षित राहिलं असं समजू नका. स्क्रिप्ट त्याच पानात बसून तुमच्या नावाने मेल पाठवू शकते, तिला कुकी चोरायची गरज नसते.

आता अपडेट. 'जुनं ते स्थिर' हा सल्ला वेबमेलच्या बाबतीत घातक आहे. दुरुस्ती बाहेर पडली की जुना आणि नवा कोड शेजारी ठेवून छिद्र कुठे होतं ते कुणालाही शोधता येतं, आणि मागे राहिलेले सर्व्हर हुडकणारे प्रोग्राम इंटरनेटवर फिरत असतात. वर सांगितलेला सीव्हीई-२०२४-४२००९ राउंडक्यूबने १.६.८ आणि १.५.८ मध्ये ऑगस्ट २०२४ मध्येच बुजवला. जून २०२५ मध्ये पोलंडच्या सर्टने, म्हणजे सायबर हल्ल्यांवर लक्ष ठेवणाऱ्या पथकाने, कळवलं की त्याच दोषातून तिथल्या संस्थांचे पासवर्ड चोरण्याची मोहीम चालू आहे. सापळ्याच्या मेलचा विषय होता बिलाचा. दहा महिन्यांनंतर! ज्यांनी अपडेट केलं त्यांना तो मेल काही करू शकत नव्हता.

'आपल्या भागात कोण येतंय' म्हणणाऱ्यांनी एकदा बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत चक्कर मारावी. तिथल्या फाउंड्र्या आणि मशीन शॉप बाहेरच्या ग्राहकांना माल पाठवतात. ऑर्डर, बिल, बँक खात्याचा तपशील, सगळं मेलवर. ज्याला हे मेल गुपचूप वाचता येतात त्याला कुठल्या बिलाचे पैसे कधी येणार ते कळतं, आणि ऐन वेळी 'आमचं खातं बदललं आहे' असा मेल कारखान्याच्याच पत्त्यावरून जाऊ शकतो. हुडकणारा प्रोग्राम बेळगाव बघत नाही, बर्लिन बघत नाही, व्हर्जनचा आकडा बघतो.

पासवर्ड बदलला की संपलं, हेही चूक. ईसेटने मे २०२५ मध्ये आणखी एका मोहिमेचा अहवाल दिला, ज्यात राउंडक्यूब, होर्ड, झिंब्रा आणि एमडेमन ही चारही वेबमेल लक्ष्य होती. त्यात खात्यामध्ये नियम घालून येणाऱ्या प्रत्येक मेलची प्रत हल्लेखोराकडे वळवण्याची सोय सापडली. एमडेमनच्या बाबतीत तर दुहेरी पडताळणीचं (पासवर्डनंतरच्या दुसऱ्या कोडचं) गुपित चोरून वेगळा अ‍ॅप पासवर्डही, म्हणजे दुसऱ्या मेल-प्रोग्रामसाठीचा जादा पासवर्ड, तयार केला जात होता. पासवर्ड बदलून असा नियम पुसला जात नाही.

म्हणून शंका आली तर क्रम असा ठेवा. आधी होस्टिंगवाल्याला वेबमेल अपडेट करायला लावा, नाहीतर तोच मेल पुन्हा उघडला जाईल आणि नवा पासवर्डही जाईल. मग चालू असलेली सगळी लॉगिन बंद करायला सांगा. सेटिंगमध्ये फिल्टर, फॉरवर्डिंग आणि अ‍ॅप पासवर्ड तपासा, ओळखीचं नसेल ते काढा. त्यानंतर पासवर्ड बदला. ग्राहकांना आणि सभासदांना फोन करून सांगा की खातं बदलल्याचा मेल आला तर पैसे पाठवू नका. पैसे गेलेच असतील तर लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन करा. उद्यावर ढकलू नका.

आणि आज, काहीही झालेलं नसताना, होस्टिंगवाल्याला एकच प्रश्न लेखी विचारा: आमच्या वेबमेलचं नाव काय, व्हर्जन कुठलं, आणि शेवटचं अपडेट कोणत्या तारखेला केलं? राउंडक्यूब असेल आणि आकडा १.४ किंवा १.३ ने सुरू होत असेल, तर त्या शाखांना आता दुरुस्त्या मिळत नाहीत. तारीख मागा. ती मिळेपर्यंत संस्थेचे मेल थंडरबर्डवर वाचा.