बुडबुड्यांतून जीन सोडला की कॅन्सर बरा? फिरत असलेल्या दाव्याचा प्रतिवाद

पुण्यातल्या सोसायट्यांच्या आणि नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मजकूर फिरतोय. शिरेतून सूक्ष्म बुडबुडे सोडायचे, वरून सोनोग्राफीचा प्रोब धरायचा, बुडबुडे गाठीत शिरून फुटतात आणि आतला जीन कॅन्सरची पेशी दुरुस्त करतो. दुष्परिणाम नाहीत, केमोची गरज नाही, कुठल्याही सेंटरवर होईल, असा त्याचा सारांश. यामागचं संशोधन खरं आहे. त्यावरून काढलेले निष्कर्ष चुकीचे आहेत. हे वाचून कुणी केमोची तारीख चुकवू नये, म्हणून हा खटाटोप.

‘बुडबुडे गाठीत शिरतात.’ शिरत नाहीत. सोनोव्ह्यू या, सोनोग्राफीत चित्र स्पष्ट दिसावं म्हणून शिरेतून देतात त्या औषधातल्या बुडबुड्याचा सरासरी व्यास २.५ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). तांबड्या पेशीपेक्षा लहान असल्याने तो फुप्फुसातल्या केशवाहिन्यांतून पार होतो, पण वाहिनीच्या भिंतीतून बाहेर पडायला तो फार मोठा आहे. गाठीतल्या गळक्या वाहिन्यांची छिद्रंही बहुतेक एक मायक्रॉनच्या आतली. तो वाहिनीतच राहतो, ध्वनिलहरींच्या दाबाने फुगतो-आक्रसतो आणि शेजारच्या पेशींच्या आवरणाला भोकं पाडतो. ती काही सेकंदांत, फार तर मिनिटांत बुजतात. औषध नेमकं तेव्हाच तिथे हजर हवं.

‘आतला जीन.’ आत वायू असतो: सल्फर हेक्झाफ्लोराइड किंवा परफ्लुरोकार्बन. जीन चिकटवतात तो बाहेरच्या पातळ कवचावर. डीएनए ऋणभारित, म्हणून कवच धनभारित करावं लागतं आणि तरीही त्यावर फार थोडा मावतो. मोकळा सोडलेला प्लाझ्मिड, म्हणजे जीन वाहून नेणारा डीएनएचा गोल तुकडा, रक्तातली विकरं (एन्झाइम) काही मिनिटांत तोडून टाकतात. पेशीत पोचला तरी त्याला पुढे केंद्रकात जायचं असतं, आणि विभाजन न होणाऱ्या पेशीत ते क्वचितच साधतं. एसआयआरएनए (एखाद्या जीनचं काम थांबवणारा छोटा आरएनए) आणि एमआरएनए (प्रथिन बनवण्याचा निरोप नेणारा आरएनए) केंद्रकाबाहेरच काम करतात, म्हणून ते इथे जास्त सोयीचे. शिवाय लहानशा गाठीतही कोट्यवधी पेशी असतात. ज्यांच्यापर्यंत जीन पोचला नाही, त्या वाढतच राहतात.

‘परदेशात रुग्ण बरे झाले.’ नॉर्वेतल्या बर्गेनमध्ये स्वादुपिंडाच्या कॅन्सरच्या १० रुग्णांवर झालेला अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. रुग्णांच्या जगण्याचा मध्यक (निम्मे रुग्ण याहून जास्त जगले) १७.६ महिने, केवळ केमो घेतलेल्या आधीच्या रुग्णांत ८.९. तुलना जुन्या नोंदींशी होती, चिठ्ठ्या टाकून पाडलेल्या दोन गटांची नव्हती. त्यात जीन नव्हताच! दिलं होतं जेमसायटाबिन, म्हणजे केमोच. ‘केमो नको’ म्हणणाऱ्यांनी हे आधी वाचावं.

‘कुठल्याही सेंटरवर.’ बर्गेनमध्ये मशीन नेहमीचंच होतं, पण सेटिंग बदललेलं. अर्धा तास प्रोब गाठीवर आणि दर साडेतीन मिनिटांनी सोनोव्ह्यूचा अर्धा मिली डोस, कारण बुडबुडे रक्तात काही मिनिटंच टिकतात. कुपीतली पूड ५ मिली सलाइनमध्ये मिसळून २० सेकंद जोरात हलवली की दुधासारखं द्रावण होतं. तसंच ठेवलं तर बुडबुडे वर तरंगतात; सिरिंजमध्ये ओढण्याआधी पुन्हा हलवावं लागतं. बारीक सुईतून जोराने ढकललं तर तिथेच फुटतात. लहरींचा दाब कमी पडला तर काहीच घडत नाही, जास्त झाला तर केशवाहिन्या फाटून रक्तस्राव होतो. सलग लहरी दिल्या तर सगळे बुडबुडे एकदमच संपतात. वाहिनी पुन्हा भरायला मध्ये थांबावं लागतं. फुप्फुसातली आणि आतड्यातली हवा लहरी जवळपास पूर्ण परतवते, त्यामुळे खोल बसलेल्या फुप्फुसाच्या गाठीला याचा उपयोग नाही. आणि प्रोब यकृतावर असेल तर हाडात पसरलेल्या कॅन्सरला काहीच होत नाही.

‘दुष्परिणाम नाहीत.’ तपासणीसाठीच्या बुडबुड्यांनीही क्वचित तीव्र ॲलर्जी येते. सोनोव्ह्यूतला एक घटक असलेल्या पॉलिएथिलीन ग्लायकॉलची ॲलर्जी असेल तर सोनोव्ह्यू देतच नाहीत.

कुणी हा उपचार पैसे घेऊन देऊ केला, तर सीटीआरआयचा (भारतातल्या वैद्यकीय चाचण्यांची सरकारी नोंदवही) नोंदणी क्रमांक आणि एथिक्स कमिटीच्या मंजुरीचं पत्र मागा. क्रमांक सीटीआरआयच्या साइटवर टाकून रुग्णालयाचं नाव आणि औषध जुळतं का पाहा. चाचणीतल्या प्रायोगिक उपचाराचा खर्च रुग्णाने द्यायचा नसतो. बिल मागितलं तर तिथून उठा आणि आपल्या ऑन्कोलॉजिस्टला फोन करा.