चांगल्या बंद, वाईट उघड्या

बोर्बनच्या (मक्याच्या अमेरिकन व्हिस्कीच्या) कपाटाला एक खोड असते. लक्ष दिलं नाही की ते आपोआप बिघडत जातं. आवडलेली बाटली संपते, न आवडलेली उरते, आणि फार आवडेल अशी खात्री असलेली उघडलीच जात नाही. ७५० मिलीच्या खंब्यात साठचे साडेबारा पेग बसतात. चांगल्या बाटलीचे साडेबारा पेग चार पाहुणे एका शनिवारी फस्त करतात. वाईट बाटलीचा दीड पेग जातो आणि बाकीचे अकरा तिथेच ठाण मांडतात. दोन-तीन वर्षं हे असंच चाललं की मागच्या रांगेत चांगल्या बंद बाटल्या, पुढच्या रांगेत वाईट उघड्या, आणि समोर ‘आज काय घ्यावं’ म्हणून उभे आपण. चाळीस बाटल्या असलेल्या घरात माणूस शेवटी बिअर पितो, तो यामुळे.

मी अमेरिकेत, ओहायो राज्यातल्या सिनसिनाटीत राहतो, त्यामुळे हा आजार मला भौगोलिक कारणांनी आहे. ओहायोत कडक दारूची विक्री सरकारच्या हातात. भाव ठरलेला, आणि दुर्मीळ बाटल्यांसाठी चक्क लॉटरी. नदीवरचा पूल ओलांडला की केंटकी राज्य. तिथे दुकानं खासगी, माल भरपूर आणि भाव दुकानदाराच्या मर्जीचा. ओहायोत नंबर लागत नाही म्हणून माणूस पुलापलीकडे जातो आणि हवी ती मिळत नाही म्हणून नको त्या तीन घेऊन येतो. कपाट भरतं ते या तिनांनी.

देशातून आलेले पाहुणे बंद बाटली हातात घेऊन आदराने विचारतात, “अजून मुरतेय का?” नाही हो. बोर्बनचं काय व्हायचं ते पिंपात होतं. कायद्यानं त्यात निदान ५१ टक्के मका लागतो, पिंप नवं आणि आतून जाळलेलं ओकचं लागतं, आणि पिंपात भरताना दारू ६२.५ टक्क्यांपेक्षा कडक चालत नाही. रंग, व्हॅनिलाचा वास, कॅरॅमलची गोडी हे सगळं बहुतांशी त्या जळक्या लाकडाचं देणं. बाटलीत भरली की हिशेब बंद. ईगल रेअर नावाची दहा वर्षांची बोर्बन वीस वर्षं कपाटात ठेवलीत तरी ती दहाच वर्षांची राहते. वय वाढतं ते फक्त मालकाचं, आणि वयाबरोबर डॉक्टर जी परवानगी देतात तिचं माप कमी होत जातं. बंद बाटली ठेवून देण्यात हा एक तोटा आहे, आणि तो कोणी हिशेबात धरत नाही.

मग उघडत का नाही? प्रसंगासाठी. मुलीचं ग्रॅज्युएशन, पन्नाशी, ग्रीन कार्ड. यातल्या ग्रीन कार्डासाठी राखलेल्या बाटल्या सगळ्यात सुरक्षित असतात, हे रांगेत असलेल्या कुणालाही सांगायला नको. आणि समजा प्रसंग आलाच, तर घरात तीस माणसं असतात. ७५० भागिले ३०, माणशी २५ मिली. त्यातले सहा जण कोक मागतात, दोघं ‘स्कॉच नाही का?’ विचारतात, आणि यजमान दारात चपला मोजत असल्यामुळे त्याच्या वाट्याला बाटलीचा वास येतो. माझं स्पष्ट मत आहे की खास बाटली खास दिवशी उघडू नये. साधा मंगळवार, समोर एक जाणकार माणूस, जेवणाआधीची वेळ, आणि चकण्यात ठेचा नको. जीभ पोळलेली असली की पुढचे दोन तास कुठलीही बोर्बन नुसतं स्पिरिट लागते.

ब्लँटन्स या बोर्बनचं प्रकरण वेगळं सांगायला हवं. १९८४ साली आलेली ही बाटली. प्रत्येक बुचावर धातूचा घोडा आणि जॉकी, आणि खाली एक अक्षर. नावातली आठ अक्षरं जमवली की घोडा उभा असल्यापासून शर्यत जिंकेपर्यंतची मालिका पूर्ण होते. नावात ‘एन’ दोनदा येतो, म्हणून दुसऱ्या ‘एन’पुढे दोन टिंबं असतात, आणि ती बघायला दुकानात चष्मा लागतो. आता गणित बघा. न बघता बाटल्या घेत गेलात आणि आठही बुचं सारख्या प्रमाणात असली, तर संच पुरा व्हायला सरासरी बावीसेक बाटल्या लागतात. साडेसोळा लिटर! शेवटच्या एका अक्षरासाठीच सरासरी आठ. अक्षर बाहेरून दिसतं, म्हणून लोक फळीवरच्या सगळ्या बाटल्या फिरवून बघतात आणि त्यांच्या मागे रांग तुंबते. शिवाय संच अखंड राहावा म्हणून बाटल्या उघडायच्या नाहीत, असं ठरवणारेही आहेत. त्यांना माझा नमस्कार. बूच कोरड्या बाटलीवरही तितकंच छान दिसतं.

ठेवण्याबद्दल थोडक्यात. बाटली उभी ठेवा. वाइनचं बघून आडवी ठेवलीत तर ४५ ते ६५ टक्क्यांचा अल्कोहोल बूच खातो, आणि ज्या दिवशी उघडाल त्या दिवशी अर्धं बूच हातात येतं. ऊन नको, शेगडीच्या वरचं कपाट नको, माळा तर अजिबात नको. उन्हाळ्यात तिथे भट्टी होते आणि बाटलीतली हवा फुगून बूच सैल करते. वर्षानुवर्षं ठेवायच्या बाटलीच्या गळ्याभोवती प्रयोगशाळेत मिळणारी पॅराफिल्म ताणून दोन वेढे द्या. आणि एक काम आवर्जून करा: ठेवायच्या आधी स्वयंपाकघरातल्या काट्यावर बाटलीचं वजन करून ते ग्रॅममध्ये टिपून ठेवा. पुढच्या वर्षी दहा ग्रॅम कमी भरली तर बूच गळतंय. तोच उघडण्याचा मुहूर्त. कुणाला विचारायला नको, कारणही तांत्रिक.

बूच तुटलंच तर सुरी खुपसू नये. वाइनचा स्क्रू हलक्या हाताने, तिरका घालून फिरवायचा आणि सरळ वर ओढायचा. आत पडलं तर सगळा माल कॉफीच्या कागदी फिल्टरमधून स्वच्छ बाटलीत गाळायचा. याचसाठी संपलेल्या बाटल्यांची बुचं धुऊन, वाळवून एका डब्यात ठेवतात. गळे एका मापाचे नसतात, म्हणून दहा-बारा तरी असू द्यात. लग्नात आलेल्या क्रिस्टलच्या सुरईत मात्र साठवू नका. जुन्या क्रिस्टलमध्ये शिसं असतं आणि ते दारूत उतरतं. टेबलावर तासभर मिरवायला हरकत नाही.

उघडलेल्या बाटलीचा शत्रू म्हणजे तिच्यातली रिकामी जागा. अर्ध्यापर्यंत वर्षभर फारसं बिघडत नाही. काही कडक बाटल्या तर सुधारतात. पण पाव बाटली उरली की हवा जास्त आणि माल कमी, आणि मग काही महिन्यांत वास विरतो, चव पुठ्ठ्याकडे झुकते. पाव खंबा म्हणजे १८७ मिली. आपल्याकडे ज्याला क्वार्टर म्हणतात जवळजवळ तेवढाच. तेव्हा शेवटचा पाव भाग खरोखर क्वार्टरच्या आकाराच्या काचेच्या बाटलीत गळ्यापर्यंत भरायचा. झाकण आतून शंकूच्या आकाराच्या प्लास्टिकचं असावं. कागदी अस्तराचं झाकण दारूला गोंदाचा वास देतं. बाटलीवर चिठ्ठी लावायची: नाव, बॅच, प्रूफ (कडकपणाचा आकडा), तारीख. चिठ्ठीशिवायची बाटली महिन्याभरात अनाथ होते, आणि तिच्यात नेहमी महागातली महाग बोर्बन होती असं मागाहून वाटत राहतं.

आता नावडत्या. आधी खात्री करा की ती खरंच नावडती आहे. पहिला घोट अनेकदा नुसता तिखट येतो. बाटली दोन-तीन आठवडे बाजूला ठेवून पुन्हा बघा. तरीही जळजळ असेल तर पाणी घाला, पण मोजून. ६० टक्क्यांची ६० मिली घेतलीत तर १२ मिली पाण्याने ती ५० वर येते आणि २० मिलीने ४५ वर. चहाचा एक चमचा म्हणजे ५ मिली. एकेक चमचा घालत चाखा. जिथे गोडी वर येते तिथे थांबा आणि तो आकडा बाटलीवर लिहून ठेवा. थंड करून न गाळलेली (नॉन-चिल-फिल्टर्ड) बोर्बन ४६ टक्क्यांच्या खाली आली की कधी कधी गढूळ दिसते. ते तिच्यातल्या स्निग्ध घटकांमुळे, भेसळीमुळे नव्हे. पाहुण्यांना आधीच सांगा, नाहीतर ते संशयाने ग्लास उजेडात धरतात.

पाण्याने न सुधारणारी जात दुसरी. नव्या, हौशी भट्टीची, छोट्या पिंपातली. नेहमीचं पिंप २०० लिटरचं. त्याऐवजी वीस-चाळीस लिटरच्या पिंपात भरलं की लाकडाचा संपर्क वाढतो, रंग भराभर चढतो, पण काळाने यायचं ते येत नाही. दिसायला बारा वर्षांची, चवीला कच्च्या मक्याची आणि सुताराच्या दुकानाची. हिला पाणी दिलंत तर कच्चेपणा आणखी उघडा पडतो. तिची जागा ओल्ड फॅशन्ड या कॉकटेलमध्ये: ६० मिली बोर्बन, एक साखरेची वडी, अँगोस्टुरा बिटर्सचे (कडू मसालेदार अर्काचे) दोन-तीन शिंतोडे, मोठा एकच बर्फाचा तुकडा आणि वर संत्र्याच्या सालीचा फवारा. तरीही सुतार जाणवत असेल तर ६० मिलीला २० मिली लिंबाचा रस आणि २० मिली साखरेचा पाक. लिंबापुढे सुतारही हार मानतो.

तिसरी जात वाईट नसते, महाग असते. पुढच्या लेबलावर पणजोबांचा फोटो, गुप्त कृती, घोडे, दरी. मागच्या लेबलावर बारीक अक्षरात ‘इंडियानात गाळलेली’. इथून अर्ध्या तासावर इंडियानातल्या लॉरेन्सबर्गमध्ये एक अवाढव्य भट्टी आहे, ती कितीतरी ब्रँडना माल पुरवते, आणि माल उत्तम असतो. (वाइल्ड टर्की आणि फोर रोझेस ज्या लॉरेन्सबर्गच्या, ते केंटकीतलं, वेगळं. या नावाने पुष्कळ पत्ते चुकतात.) या बाटलीवर राग धरू नका. पणजोबांचे पैसे आपण दिलेत, ते परत येणार नाहीत, हे मान्य करून ती प्यावी.

उरल्यासुरल्यांची एकत्र बाटली करायची पद्धत आहे, तिच्यात लोक एकच चूक करतात. दोन वाईटांतून एक चांगली होत नाही, दीड लिटर वाईट होते. आधी ग्लासात दहा-दहा मिलीचा प्रयोग करा. एक भाग नावडती आणि दोन भाग दणकट, स्वस्त बोर्बन हे प्रमाण बहुधा जमतं. माझ्याकडे या कामाला १०१ प्रूफची वाइल्ड टर्की असते. अमेरिकन प्रूफ म्हणजे टक्क्यांची दुप्पट, तेव्हा ५०.५ टक्के. धुराच्या वासाची स्कॉच आणि मध-दालचिनीवाले प्रकार त्यात कधीही घालू नका. एक चमचा सगळ्या बाटलीवर राज्य करतो.

आणि काहीच जमलं नाही तर व्हॅनिला. २४० मिली बोर्बनमध्ये सहा-आठ व्हॅनिलाच्या शेंगा उभ्या चिरून टाकायच्या, बाटली अंधारात ठेवून आठवड्यातून एकदा हलवायची, सहा महिने. हा अर्क दिवाळीच्या केकला आणि बासुंदीला चालतो. बासुंदीबद्दल आजीला सांगू नका.

विकता येत नाही. खासगी माणसाने परवान्याशिवाय दारू विकणं इथे गुन्हा आहे. केंटकीने २०१८ पासून दुकानांना लोकांकडच्या जुन्या, बाजारात न मिळणाऱ्या बंद बाटल्या घ्यायची मुभा दिली, पण तिथे तुमच्या लाडक्या विचारतात, नावडत्या नव्हे. मग नावडत्या भेट जातात. मराठी मंडळात बंद बोर्बन ही ओटीच्या ब्लाऊज पीससारखी फिरते. कुणीही फाडून शिवत नाही, फक्त पुढे सरकवतं. देताना खोक्यातली जुनी चिठ्ठी काढायला विसरू नका, आणि बाटलीच्या तळाशी पेन्सिलीने बारीक खूण करा. फिरून आलीच तर ओळखता येते.

देशात न्यायची तर विमानाचा नियम पाठ हवा. २४ ते ७० टक्क्यांची दारू चेक-इन सामानात माणशी पाच लिटरपर्यंत, दुकानातल्या बंद बाटलीतच. ७० च्या वरची कुठेच चालत नाही, म्हणून १४० प्रूफच्या पलीकडच्या बाटल्यांना इथे लाडाने ‘हॅझमॅट’ (धोकादायक माल) म्हणतात. त्या कपाटात जन्मठेप भोगतात. भारतात करमुक्त दोन लिटर, म्हणजे ७५० च्या दोनच. लिटरच्या दोन घेतल्या तर हिशेब काठोकाठ बसतो. बुचावर पॅराफिल्म, मग झिपची पिशवी, मग मोजे. २०२५ मध्ये भारताने बोर्बनवरची आयात जकात १५० वरून १०० टक्क्यांवर आणली, तरी पुण्यातल्या भावंडांचा ‘घेऊन ये’ हा फोन थांबलेला नाही. तिथे नेलेली बाटली नावडती आहे की लाडकी, याने काडीचा फरक पडत नाही. सोडा दोघींना सारखाच घालतात. म्हणून नावडती न्या.

या सगळ्याला एक वही लागते. रकाने: नाव, बॅच, किंमत, घेतल्याची तारीख, उघडल्याची तारीख, वजन, शेरा. बॅचचं लिहिणं महत्त्वाचं. एलायजा क्रेग या ब्रँडच्या बॅरल प्रूफवर (पिंपातून पाणी न घालता भरलेल्या बाटलीवर) ‘बी ५२०’ असेल तर ती २०२० सालातली दुसरी, मे महिन्याची बॅच, आणि तिची बहीण ‘सी ९२०’ चवीला वेगळी. माझे दोनच नियम आहेत: एक बंद बाटली घरात आली की दुसरी एक उघडायची, आणि उघड्या बाटल्यांत नावडत्या चारपेक्षा जास्त झाल्या की नवी खरेदी बंद. शेऱ्याच्या रकान्यात मात्र कविता करू नका, ‘जळलेल्या संत्र्याची आठवण’ वगैरे. आपल्या मागे ही वही मुलं वाचणार आहेत, आणि त्यांना फक्त एवढंच कळायला हवं की यातली कुठली कोकमध्ये ओतायची नाही. मी त्या बाटल्यांपुढे लाल पेनाने ‘कोक नाही’ लिहितो. बाकीच्यांपुढे ‘चालेल’.